हृदयाचा तक्ता आणि पुढचे धडे

मित्रांनो, आज गोरेगावजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत माझा बी.एड.चा शेवटचा सराव पाठ झाला. दहावीला हृदयाची रचना शिकवली. सीनियरकडून तयार तक्ता मिळतो, म्हणून आमच्यातले सगळे हाच धडा घेतात. माझा प्रश्न संपायच्या आत पोरं उत्तर देत होती. मागे बसलेले आमचे प्राध्यापक खूश.

तासानंतर तांड्यावरून येणारी एक मुलगी जवळ आली.

"सर, हा धडा तर आमाला येतो. पुढचे कोण शिकवणार?"

"तुमचे विज्ञानाचे सर."

"ते न्हाईतच. दिवाळीपासून तुमचेच लोक येऊन राहिले."

मी तक्ता गुंडाळला. उद्यापासून आम्हीही जाणार नाही. तिची बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे.

मला 'उत्तम' शेरा मिळालाय. अभिनंदन नको. तिला काय सांगायला हवं होतं, तेवढं लिहा.