माझ्याबिगर कुनाच्या हाती देऊ नका

जवळा बाजारला आमची बिगारी देवळाच्या ओवरीत भरायची. बिगारी म्हणजे पहिलीच्याही खालची, स्वतःचं नाक पुसता न येणारी लेकरं. शेजारी आड होता, त्याला कठडा नव्हता. गुरुजींनी स्वतः बोरीच्या काट्या ओढून आणून त्याभोवती कुंपण घातलं होतं. पाणी प्यायला जायचं ते एकमेकांचा हात धरून. रडणाऱ्याला छडी नाही. त्याला जवळ बसवून पुढ्यात चिंचोके ओतायचे. बाजारच्या दिवशी तर देवळाचं दार लोटून ते स्वतःच उंबऱ्याशी बसायचे. आणि एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लेकरू ज्यानं आणून सोडलं, त्याच्याच हाती परत जाईल.

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे महिने. रोज कुठल्या ना कुठल्या गावची वाईट बातमी यायची. वडील मी पाळण्यात असतानाच गेलेले. आई आणि मी गावाबाहेर मळ्यातल्या खोपीत राहायचो. कापूस वेचायला जाताना ती मला ओवरीत सोडायची आणि रोज बजावायची, “गुरुजी, माझ्याबिगर कुनाच्या हाती देऊ नका. सख्खं कुनी आलं तरी न्हाई.”

“बराबर,” गुरुजी म्हणायचे.

त्या हिवाळ्यात वसमतचा मामा आमच्याकडे मुक्कामाला आला होता. बाजारच्या दिवशी भर दुपारी तो धापा टाकत देवळात आला. गुरुजींनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

“लेकराला न्यायला आलो गुरुजी. माय बोलावून राहिली.”

“काहून?”

मामा गप्प. वेचणीत आईला साप डसला होता. आमच्याकडे अशा वेळी सापाचं नावच काय, काय झालं तेही तोंडातून काढत नाहीत. काढलं की विष चढतं म्हणतात. मामा बिचारा बहिणीचा जीव जपत मुका उभा होता. मी ओरडले, “माझा मामा हाय!” पण आम्ही लेकरं बांगडीवाल्यालाही मामाच म्हणायचो. अनोळखी माणूस, घामेघूम, कारण सांगेना. गुरुजी दारात आडवे उभे राहिले. मामानं हात जोडले, पाया पडला. शेवटी एकटाच मळ्याकडे पळाला. मी भोकाड पसरलं.

दिवस कलला तरी आई येईना, तेव्हा गुरुजी मला कडेवर घेऊन निघाले. खोपीपुढे बसलेल्या बाया लांबूनच दिसल्या. आई गेली होती. मामा अंगावर धावून येईल असं गुरुजींना वाटलं असावं. पण तो मटकन खाली बसला. “शुद्धीवर होती. सारखी वाटंकडं बघून राहिली होती. मी सांगितलं, गुरुजी देत न्हाईत. तर म्हनली, बराबर केलं.”

गुरुजी ओक्साबोक्शी रडले.

हे ऐकून लोक म्हणतात, केवढा धीर मिळाला असेल तुम्हाला! खड्ड्यात गेला तो धीर. मला माझी आई पाहायची होती. दुसऱ्या कुणीही गुरुजींच्या नावानं बोटं मोडली असती, लेकीसाठी टाहो फोडला असता. माझी आई मात्र लेक सुखरूप आहे म्हणून निर्धास्त होऊन गेली. आणि मी तिच्यापासून अर्ध्या कोसावर अगदी सुखरूप बसले होते.