देवरामचा सुधारलेला फटका

मुरबाडचा देवराम देसले मुंबईकरांना फार्महाऊसचे प्लॉट विकायचा. गिऱ्हाइकांशी ओळख वाढावी म्हणून तो शहापूरकडच्या एका रिसॉर्टवर गोल्फ खेळू लागला. गावच्या क्रिकेटमध्ये बॅट फिरवावी तशी स्टिक फिरवायचा, पण चेंडू इतका लांब जायचा की शेटलोक बघतच राहायचे. मग कसनुसं हसायचे आणि प्लॉटचा विषय निघायच्या आत गाडीत बसायचे.

"मला शिस्तीत खेळता येत नाय, म्हणून हसतात," असं बायकोला, गीताबाईला सांगून देवरामने शिकवणी लावली. कोच म्हणाला, डावा कोपर सरळ, मान खाली, आधी कंबर वळवा. देवराम अंगणात फावड्याचा दांडा घेऊन सराव करायचा. पण एवढं सगळं ध्यानात ठेवताना चेंडू मारायचाच राहून जायचा.

पुढच्या रविवारी मैदानावर त्याचे लागोपाठ फटके हुकले. शेटलोक लगबगीने जवळ आले. कुणी पाठ थोपटली, कुणी कोपर धरून दाखवला, एकाने चहा पाजला आणि चहा पिता पिताच प्लॉट पसंत केला.

गीताबाईने आळीत पेढे वाटले. "प्लॉट खपला ना, आता बंद करा ती शिकवणी," ती म्हणाली, "तुमी मारायचे तसंच मारा ना पयल्यासारखं."

"तेच करून बघितलं गो," देवराम रडवेला होऊन म्हणाला, "पण आता कोपर आपोआपच सरळ होतो!"