हाळीविना सुरू झालेली मोटर

आमच्या भावकीच्या विहिरीवर मोटर सुरू करण्याआधी हाळी द्यायची रीत होती. "सोडतोय रंऽऽ!" विहिरीत खाली पंपापाशी कुणी असेल तर तो ओरडायचा, "थांब!" उत्तर आलं नाही, की मगच बटण.

मग वडिलांनी भवानीनगरच्या दुकानातून मोबाईलवर चालणारा स्टार्टर आणला. दुकानदाराने फोनच्या पहिल्याच पडद्यावर शॉर्टकट टाकून दिला. हिरवं चित्र दाबलं की मोटर सुरू, आणि उसाला पाणी बसायची ठरवलेली वेळ झाली की आपोआप बंद. वडील तो स्टार्टर येईल त्याला दाखवायचे.

"दादा, पायाला गंज चढंल," धाकटे चुलते चिडवायचे.

"तुझ्या जिभंला न्हाय चढत, ते बघ आदी."

त्या सकाळी लाईट नव्हती. पंप गळत होता, म्हणून चुलते त्याच्या फिरत्या दांड्याभोवतीची, गळती अडवणारी दोरी बदलायला बसले. मी शेजारी पाना घेऊन उभा होतो.

"तात्या, फ्यूज काढू?"

"कशाला? हाळी दिल्याबिगर कोण सोडतंय?"

वडील तेव्हा बारामतीला होते. लाईट आल्याचा मेसेज त्यांच्या फोनवर गेला. त्यांनी हिरवं चित्र दाबलं.

चुलत्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यात जो आला तो हेच म्हणाला, "फ्यूज काढाय नको व्हय?" माझं डोकं फिरलं. मी सभा-मोर्चांची पत्रकं वाचत आणि वाटत वाढलोय. त्यात काय गाळलंय ते मला आधी दिसतं. स्टार्टरबरोबर आलेलं पत्रक काढून वाचलं. वेळ वाचेल, चिखल तुडवायला नको, घरबसल्या पाणी. पंपाशी बसलेल्या माणसाबद्दल एक ओळ नाही. पण दुकानदाराला जाब विचारायला कुणी गेलं नाही. खाटेवरचा माणूस जवळ होता, त्यालाच विचारलं.

चुलत्यांना घोर वेगळाच होता. आमची काळी गाय त्यांच्याच हाताला धार द्यायची. घरी आले त्याच संध्याकाळी ते डाव्या हाताने धारेला बसले. गायीने पाय झाडला, चरवी लवंडली. चुलतीने ती उचलली. चुलते तिथंच बसून राहिले.

गोठ्याच्या दारातून वडिलांनी ते पाहिलं. खिशातला फोन काढून त्यांनी ते हिरवं चित्र पुसून टाकलं आणि विहिरीकडे चालत गेले.

"सोडतोय रंऽऽ!"

चुलत्यांनी मान वर केली नाही. रीतीप्रमाणे, उत्तर नाही म्हणजे बटण दाबायला हरकत नव्हती. तरी मोटरीचा आवाज आला नाही.

थोड्या वेळाने वडिलांनी पुन्हा हाळी दिली.