शाकाहारी गय

"पहिले हात ओला कर."

तळोद्याच्या बागेतल्या तळ्यावर रविवारी गळ टाकायला आलेल्या प्रत्येकाला हे ऐकावंच लागे. कोरड्या हाताने धरला की माशाच्या अंगावरचं बुळबुळीत आवरण निघून जातं, मग सोडला तरी तो जगत नाही, असं बागेच्या राखणदाराचं म्हणणं. त्यांना स्वतःला इतकी सवय की एखाद्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवायचा तरी आधी तो तळ्यात बुडवणार. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं रविवारी ओल्या केसांनी घरी येत, आणि सर्दी झाली की आया राखणदाराच्या नावाने खडे फोडत.

ते मूळचे काठी गावाकडच्या डोंगरातले. घरी पावरी बोलत, आमच्याशी अहिराणी, आणि साहेब आला की गप्प.

अहिराणीत ळचा य होतो हे तुम्हाला ठाऊक असेल. डोळा तो डोया, तसा गळ तो गय. मी पडलो मराठीचा मास्तर. "सर, मन्हा गय देखा," असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला वाटलं, हा माणूस कुणाची गय करतोय? दाखवला तो वाकडा आकडा. त्याचा उलटा काटा कानशीने घासून गुळगुळीत केलेला, मासा अलगद सुटावा म्हणून. आमिष गांडुळाचं नाही, कणकेचं. "शाकाहारी गय शे," असं ते अगदी गंभीरपणे सांगत. इथला मासा कुणी घरी नेत नसे.

माझी नऊ वर्षांची मुलगी या तळ्याच्या नादी लागली आणि आमच्या घरात पंचाईत झाली. माझी आई माळकरी. नात मासे धरते हे कळलं त्या दिवसापासून तिने तिच्या हातचं पाणी बंद केलं. रागावली नाही की बोलली नाही. पोरीने तांब्या पुढे केला की उठून स्वतः माठाकडे जायची. एका ताटात जेवणाऱ्या दोघी! मला ते बघवेना, आणि मुलीला तळं सोड म्हणणंही जमेना.

राखणदाराला सांगितलं, तर म्हणाले, "मायले लई या आठे."

मी आईला तळ्यावर घेऊन गेलो. ती आली ती भांडायलाच. गळाकडे बोट करून तिने विचारलं, "मासाले दुखस नही का?"

मला वाटलं, आता हे शाकाहारी गयचं पुराण लावणार.

"दुखस माय," ते म्हणाले. "थोडंसं दुखस. खोटं कसाले बोलू?"

"मंग कसाले धरतस?"

"पोरेसले जित्ता मासा देखाडाले. हातमा धडधड समजनी, का मंग त्या मारतस नही."

मुलीच्या हातातली कणीक आईने चिमटीत धरून पाहिली. "सैल शे. पानीमा इरघयी जाई," म्हणाली, आणि तिथेच ओट्यावर बसून मळायला लागली. राखणदार तेव्हा माझ्याकडे बघून हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

पुढे दर रविवारी कणीक आईच मळून देई. मासा मात्र शिवायची नाही, आणि नातीच्या हातचं पाणीही नाहीच.

यंदा राखणदाराची नोकरी संपली. शेवटच्या रविवारी मुलीच्या गळाला वीतभर रोहू लागला. राखणदार आईपुढे येऊन उभे राहिले.

"माय, हात ओला कर."

आईने पदर खोचला आणि दोन्ही हात तळ्यात बुडवले. मासा तिच्या ओंजळीत जेमतेम एक श्वासभर राहिला असेल. तो गेला तरी हात तसेच पाण्यात ठेवून ती बसून राहिली. "धडधडस व," नातीला हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी राखणदार जीपने डोंगरात गेले. आता तळ्यावर गेलं की मला फार चुकल्यासारखं होतं. त्या रविवारी पुढे काय झालं, ते त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर आई पायरीवर टेकली. मुलीने अजून हात धुतले नव्हते, माशाचा वास दारापर्यंत येत होता.

"पानी दे व पोरी," आई म्हणाली, आणि तांब्या रिकामा करूनच तिने तो खाली ठेवला.