शिळ्या भाकरीचा शोध

भाकरीचं फडकं उघडताना जी ऊन, ओलसर वाफ नाकाशी येते, ती मला अजून थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन बसवते. दोन हजार सालच्या आसपासचा नाशिकचा हिवाळा, खिडकीबाहेर दुधासारखं धुकं आणि टेबलावर आम्हा दोघांचा प्रोजेक्ट, फ्युएल सेल. भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक रचलेले सेल, आत हायड्रोजन सोडला की बाहेर वीज! मधले सेल मजेत चालायचे, पण दोन्ही टोकांचे गारठायचे, त्यांच्यात पाणी साचून वायूची वाट बंद व्हायची आणि त्या विजेवर फिरणारा छोटा पंखा मान टाकायचा. दुपारी बाहेरचे परीक्षक येणार होते. पंखा थांबला तर आम्ही नापास. वैतागून डबा उघडला. प्रोजेक्टमधली माझी जोडीदारीण पेठ रस्त्यावरच्या मळेवाल्यांची, डबा तिच्याच घरचा. मी वरची भाकरी उचलताच ती ओरडली, “ती नको, शिळी हाय! आई खाली एक, वर एक शिळी ठेवते. गारवा, ओल त्यांनी घ्यायची, मधल्या ऊन राहतात.” मी भाकरी उंच धरून नाटकातल्या राजासारखा उभा राहिलो. “बाईसाहेब, सेललाही शिळ्या भाकरी लावू या!” “येडा झाला काय?” म्हणत तीच पाना घेऊन उठली. दोन्ही टोकांना वायू न जाणाऱ्या कोऱ्या ग्राफाइटच्या पट्ट्या बसवल्या, वरून फडकं गुंडाळलं. परीक्षकांसमोर पंखा असा फिरला की त्यांचे कागद उडाले. पुढे मी त्या मळेवाल्यांचा जावई झालो. आजही बायको मधली ऊन भाकरी स्वतः घेते, वरची शिळी माझ्या ताटात टाकते आणि म्हणते, “टोकाला कुणीतरी लागतंच ना!”