तोंड माझं, डोकं तिचं

नळीवाल्या सरांनी प्रयोगशाळेत ‘शांतता’ म्हटलं की बाहेर लिंबाखाली सायकली लावणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. आवाज एवढा दणदणीत, आणि निघायचा कुठून, तर हाडं मोजून घ्यावीत अशा अंगातून. ते आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. जवळा बाजारपासून कनेरगाव नाक्यापर्यंतची पोरं एसटीनं हिंगोलीच्या कॉलेजात यायची आणि येताना आपापले सण, आपापले उपास बरोबर आणायची. त्या सगळ्यांची सोय लावायचं काम सरांनी कोणी न सांगता अंगावर घेतलं होतं.

वर्षाच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला ते विचारायचे, “कोणाचं काय राहतंय ते आत्ताच सांगा. मागून रडायचं न्हाई.” मग तांड्यावरचा एखादा मुलगा उठून सांगायचा, तीजेला घरी जावं लागतं. सर त्याचं प्रॅक्टिकल रविवारी घ्यायचे आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः येऊन बसायचे. इतर प्राध्यापकांनी नाक मुरडलं तर म्हणायचे, “अ‍ॅसिड रविवारीबी आंबटच राहतंय.” सर बौद्ध होते, औंढ्याकडच्या एका खेड्यातले. एकदा एका आगाऊ पोरानं त्यांनाच विचारलं, सर, तुमचा उपास कधी असतो? सर हसले. “माझे सगळे उपास लहानपणीच करून झाले,” म्हणाले आणि फळा पुसायला वळले. आम्हीही हसलो होतो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

‘नळीवाले’ हे नाव त्यांना पिपेटवरून पडलं. पिपेट म्हणजे द्रावण मोजून घ्यायची काचेची लांब नळी. आता तिला रबरी फुगा लावतात, तेव्हा सरळ तोंडानं ओढायचं. द्रावण खुणेच्या वर आलं की तोंड काढून चटकन बोट ठेवायचं. जरा जास्त ओढलं गेलं तर घोट तोंडात. हरतालिकेला निर्जळी करणाऱ्या मुलींना आणि रमजानमध्ये आम्हा रोजेवाल्यांना ही नळी म्हणजे मोठंच संकट होतं. सर आमच्यासाठी नळी ओढून द्यायचे. कुठूनही “सर, नळी” अशी हाक आली की निघालेच. कॉलेजात धड नळ्या थोड्या होत्या. टोक फुटलेल्या नळ्या कानशीनं घासून वापरात ठेवलेल्या असायच्या. धड नळी विद्यार्थ्याला आणि आखूड झालेली स्वतःला, हा त्यांचा शिरस्ता.

माझे अब्बा पिंजारी. गाद्या भरायचे. मुलीनं सायन्सला जावं हे त्यांच्या मनात नव्हतं, पण माझ्या हट्टापुढे त्यांनी हात टेकले होते. मात्र एक अट घातली होती आणि ती मला पाठ होती. “मुँह में कुछ बी गया तो रोजा गया. रोजा गया तो कॉलेज बी गया.” शेवटच्या वर्षी मार्चात मला टायफॉइड झाला आणि रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल राहिलं. तोवर वसमतचं एक स्थळ घरी येऊन गेलं होतं. अब्बांनी सांगून टाकलं, ऑक्टोबरात पास झालीस तर ठीक, नाही तर निकाह. आणि ऑक्टोबरची परीक्षा नेमकी रमजानमध्ये आली.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक नियमाला पक्के होते. माझ्यासाठी सर नळी ओढणार म्हटल्यावर त्यांनी साफ नकार दिला. विद्यार्थ्याची परीक्षा विद्यार्थ्यानंच द्यायची, म्हणाले. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते. सरांनी आवाज चढवला नाही, तरी सगळ्या प्रयोगशाळेला ऐकू गेलं. “साहेब, मोजणार ती, ताडणार ती, गणित करणार ती. तोंड माझं, डोकं तिचं. तेवढ्यानं काय बिघडतंय?” परीक्षक बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. शेवटी कबूल झाले, पण एका अटीवर. परीक्षा संपेपर्यंत सरांनी माझ्याशी एक शब्दही बोलायचा नाही.

मला आलेला प्रयोग कॉस्टिक सोड्याचा होता. दिलेला कॉस्टिक जहाल. त्यातला थोडा मोजून घ्यायचा, पाण्यानं पातळ करायचा आणि मग पुढचं टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब आम्ल सोडून नेमका रंग कुठं बदलतो ते मोजायचं. धड नळी सरांनी पुढच्या कामासाठी माझ्या बाजूला सरकवली आणि जहाल कॉस्टिकसाठी आखूड उचलली. ती ओढताना त्यांचा अंदाज चुकला. नळी वरून एवढी घासलेली होती की द्रावण खूण ओलांडून थेट तोंडात, पार घशापर्यंत गेलं.

मला दिसलं ते इतकंच, की सरांचे डोळे एकदम पाण्यानं भरले. नळी हातातून पडली असती, तोंडातलं तिथंच थुंकलं असतं, तर परीक्षकांनी परीक्षा थांबवली असती. सरांनी नळीवर बोट दाबून धरलं. ओठ मिटलेले. द्रावण सावकाश खुणेवर आणलं, माझ्या चंबूत सोडलं, नळी जागेवर ठेवली आणि मग मागच्या दारानं नळाकडे गेले. थोड्या वेळानं तोंडाला ओला रुमाल लावून परत आले. पुढच्या सगळ्या नळ्या त्यांनीच ओढून दिल्या. बोलायची बंदीच होती. त्यांचा आवाज गेलाय हे त्यामुळे कोणाच्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळी मी घरी खजुरानं रोजा सोडला, तेव्हा त्यांना नांदेडच्या दवाखान्यात घेऊन गेले होते.

दिवाळीनंतर सर परत आले तेव्हा आवाजाच्या जागी नुसती खरखर उरली होती. कोरड्या पाटीवर खिळा ओढावा तशी. मी पास झाले होते. अब्बांना सगळं कळल्यावर ते मला घेऊन सरांच्या घरी गेले. अब्बांचा चहा पुढ्यात निवून गेला. शेवटी म्हणाले, “सर, मैं क्या करू, बोलो.” सर पुढे झुकले आणि खरखरत म्हणाले, “पोरीला पुढं शिकू द्या. औरंगाबादला धाडा.” अब्बांनी मान हलवली. वसमतच्या लोकांना त्यांनी त्याच आठवड्यात नकार कळवला.

पुढे मी औरंगाबादला शिकले आणि तिथंच प्राध्यापक झाले. माझा आवाज खणखणीत आहे असं मुलं म्हणतात. मला तो कधी माझा वाटला नाही. वर्गात जोरानं ‘शांतता’ म्हटलं की मागच्या बाकावरून ती खरखर ऐकू येते आणि मी उगाच तिकडे बघते. रमजानमधली दुपार मला अजून भिववते. घसा कोरडा पडायला लागला की ते पाणावलेले डोळे समोर येतात आणि इफ्तारचा पहिला घोट खाली उतरत नाही.

त्यात एका लग्नात एक वयस्क मौलाना भेटले. बोलता बोलता नळीचा विषय निघाला. ते सहज म्हणाले, तोंडात घेतलं आणि गिळलं नाही, तर रोजा कुठं तुटतो? मी ताटावरून उठले. म्हणजे सगळंच फुकट गेलं होतं. नळी मी ओढली असती तरी चाललं असतं, आणि हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. सरांना हे सांगावं की नाही याच विचारात मी बरेच दिवस काढले. मग ते फार आजारी असल्याचं कळलं आणि मी हिंगोलीची एसटी धरली.

सर खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी सांगितलं. सांगताना रडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं बोलणं ऐकायला कान तोंडाजवळ न्यावा लागत होता.

“मला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “पहिल्याच रमजानला मी मशिदीत जाऊन इचारलं होतं.”

“मग तेव्हा सांगितलं काहून नाही, सर?”

“सांगून तुह्या अब्बाला पटलं असतं का? अन् पटलं असतं तरी, नळी तोंडाजवळ नेली की तुहा हात थरथरायचा, पोरी. थरथरत्या हातानं टायट्रेशन होत न्हाई.” ते दम घ्यायला थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “आता तर न्हाई ना थरथरत?”

मी नाही म्हणाले आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.