पाटीवरची मोकळी ओळ

माझ्या नावाची ओळ कोरी ठेवून पेंटर पुढच्या नावावर गेला.

जिन्याखाली नवी पाटी लावली होती. फ्लॅट घेणाऱ्यांची नावं. मी ड्युटीवरून येत होते, थांबले. म्हटलं, "भाऊ, माझं राहिलं." त्यानं मान वर केली नाही. "मालकांनी ती ओळ मोकळी ठेवायला सांगितलीय. तिथं नवीन पार्टी येनार हाय."

ही जुन्नरातली तीन मजली बिल्डिंग. मी सरकारी दवाखान्यात नर्स. गाव लोणी, आम्ही बौद्ध. नवरा गेल्यावर बदली होऊन लेकीला घेऊन इथं आले, तेव्हापासून बारा वर्षं याच घरात भाड्यानं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मालकानं ठरवलं, भाडेकरू नकोत, बिल्डिंग ओनरशिप करायची, एकेक फ्लॅट विकायचा. राहत्या माणसांना आधी विचारणार, असं त्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं. मी बँकेतून कर्ज मंजूर करून आणलं होतं.

त्याच संध्याकाळी गच्चीवर मीटिंग होती. मी सगळ्यांसमोर विचारलं. मालक हसला.

"बाई, तुमच्याबद्दल तक्रार न्हाई. भाड्यानं ऱ्हानं वेगळं. पन तुमचं आडनाव पाटीवर लागलं तर वरचे फ्लॅट कोन घेईल? गिऱ्हाईक आधी पाटी वाचतंय."

 समोर शेजारच्या काकू बसल्या होत्या, मांडीवर नातू. दवाखान्याची जीप वेळेवर आली नाही तेव्हा तो माझ्याच हातात जन्मला होता, त्यांच्या स्वयंपाकघरात. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पदर सारखा केला.

मालकच पुढं म्हणाला, "तुमच्या लोकांत बघा की घर. तुमालाबी बरं वाटंल."

मी खाली आले. लेकीनं विचारलं, "आई, काय ठरलं?" तिला काय सांगू? बारा वर्षं मी सुकट शिजवताना खिडक्या लावून घेतल्या. बुद्धाची तसबीर आतल्या खोलीत ठेवली, दारातून दिसू नये म्हणून. लेकीला शिकवलं, कुणी आडनाव विचारलं तर आडनाव म्हणून गावाचंच नाव सांग. माझ्याच तोंडानं शिकवलं! मालकानं एकदा म्हटलं. मी रोज म्हणत होते.

तिला सगळं खरं सांगितलं. तसबीर बाहेरच्या खोलीत आणली. खिळा ठोकला. रागानं.

दोन दिवसांनी घर खाली करण्याचा कागद आला. सहीसाठी. तो घेऊन मी मालकाच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती.

"सही करते. आधी तुमी लिहून द्या. माझी जात बघून मला घर विकत न्हाई, एवढंच लिहा."

"असं कुनी लिहितं का, बाई?"

"मग बोललात कसं?"

तो ओरडला, "कोर्टात खेचीन!"

"खेचा."

कागद तसाच त्याच्या गल्ल्यावर ठेवला आणि आले.

त्यानं दावा लावला. बाकीचे फ्लॅट विकले गेले. माझ्या नळाचं पाणी तोडलं. मी खालून हंडे भरून आणते, मग ड्युटीला जाते. तारखेला रजा टाकते. वकील म्हणतात, वर्षं जातील. दवाखान्यातले म्हणतात, बदली मागून घ्या, कशाला डोक्याला ताप?

बदली मागणार नाही. इथं हरले तर वरच्या कोर्टात जाईन. घर खाली करणार नाही.